पाणी होते, दाब नव्हता: कॅलिफोर्नियातील आगी आणि अफवांचा इतिहास, १९०६ ते २०२५ (दीर्घ धागा)

१/२३
७ जानेवारी २०२५. सकाळचे साडेदहा. लॉस एंजेलिसच्या पश्चिमेला, समुद्रालगतच्या पॅसिफिक पॅलिसेड्स या वस्तीच्या माथ्यावर धूर दिसू लागला. त्याच दिवशी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास महानगराच्या दुसऱ्या टोकाला, अल्टाडेनावरील ईटन कॅन्यन नावाच्या घळीत दुसरा वणवा पेटला. वाळवंटाकडून समुद्राकडे वाहणारे 'सँटा ॲना' नावाचे कोरडे वारे त्या रात्री वादळी वेगाने सुटले होते. ३१ जानेवारीला दोन्ही वणवे पूर्णपणे आटोक्यात आले, तोवर १६,००० हून अधिक इमारती जळून गेल्या होत्या. पुढील काही महिन्यांत मृतांची संख्या ३१ वर पोहोचली.

२/२३
त्याच आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप समूहावर एक छायाचित्र आले. डोंगरावरील 'हॉलिवूड' ही सुप्रसिद्ध अक्षरे ज्वाळांनी वेढलेली. चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेले होते. ती अक्षरे जागच्या जागी सुखरूप होती. पाठोपाठ एक मराठी संदेश आला: एका माशाला वाचवण्यासाठी सरकारने पाणी अडवले, म्हणून शहर जळाले. मी तो खोडून काढायला बसलो, तेव्हा माझ्या मावशीने साधा प्रश्न विचारला: "बरं, मासा खोटा. पण मग नळाला पाणी का नव्हतं?"

हा धागा त्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्यासाठी ११९ वर्षे मागे जावे लागेल. मात्र आधी २०२५ ची ती रात्र नीट पाहू.

३/२३
पाणी खरोखरच संपले होते. पॅलिसेड्सच्या उंच भागाला प्रत्येकी १० लाख गॅलनच्या (सुमारे ३८ लाख लिटर) तीन टाक्यांतून पुरवठा होत असे. पहिली टाकी ७ तारखेच्या संध्याकाळी पावणेपाचला रिकामी झाली, दुसरी रात्री साडेआठला, तिसरी पहाटे तीनला. सलग १५ तास पाण्याची मागणी नेहमीच्या चौपट होती. रस्त्याकडेच्या अग्निशमन नळांपैकी, म्हणजे हायड्रंटपैकी, सुमारे २० टक्के नळांचा दाब गेला. वाऱ्यामुळे विमाने आणि हेलिकॉप्टरही काही काळ जमिनीवरच थांबली. नळावर भिस्त होती आणि नळच कोरडा पडला.

४/२३
हे कसे घडते ते आपल्याकडील कोणत्याही जुन्या इमारतीत राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. सकाळी खालच्या सर्व मजल्यांवरचे नळ एकाच वेळी सुरू झाले की चौथ्या मजल्यावरची धार करंगळीएवढी होते. तळघरातली टाकी भरलेली असली, तरी वरच्या माणसाला तिचा उपयोग नसतो.

शहराचे हायड्रंट एखादे घर किंवा फार तर काही इमारती विझवण्याच्या हिशेबाने बसवलेले असतात. शेकडो घरे एकदम पेटली की सगळीकडून उपसा सुरू होतो. शिवाय जळून कोसळलेल्या प्रत्येक घराचा तुटलेला नळ उघडाच वाहत राहतो. खालून वर पाणी चढवण्याच्या वेगापेक्षा ते वाहून जाण्याचा वेग मोठा होतो.

५/२३
मात्र अधिकाऱ्यांनी सांगितलेली बाजूही पूर्ण नव्हती. पॅलिसेड्सच्याच डोंगरावर सँटा यनेझ नावाचा ११.७ कोटी गॅलनचा (सुमारे ४४ कोटी लिटर) जलाशय आहे. त्याचे आच्छादन फाटल्यामुळे तो २०२४ च्या सुरुवातीपासून दुरुस्तीसाठी रिकामा ठेवलेला होता. ही गोष्ट वर्तमानपत्रांतून उजेडात आली, तेव्हा लोकांचा संताप रास्तच होता. राज्यपालांनी चौकशीचा आदेश दिला. जलाशय भरलेला असता, तरी एवढ्या मागणीपुढे जलवाहिन्यांतील दाब टिकला नसता, असा निष्कर्ष राज्याच्या तपासात निघाला.

अफवेला उगवण्यासाठी सत्याचा एखादा दाणा लागतो. इथे तो होता आणि तो लपवल्यासारखा वाटला.

६/२३
आता इतिहासाकडे वळू. शहर जळते तेव्हा पाण्याविषयी दोन वेगळे प्रश्न उभे राहतात. पहिला: पाणी किती आहे? दुसरा: आगीपर्यंत ते हव्या त्या दाबाने पोहोचते का? पहिला प्रश्न नद्या, धरणे, कालवे आणि राजकारण यांचा आहे. दुसरा नळ, पंप, व्हॉल्व्ह आणि देखभालीच्या रटाळ खर्चाचा आहे.

कॅलिफोर्नियात मोठी आग लागली की बहुधा दुसऱ्या प्रश्नाचे अपयश समोर येते, आणि त्या राखेवर उभे राहून पहिल्या प्रश्नाचे राजकारण केले जाते. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचे.

७/२३
ऑक्टोबर १९०५. आग-विमा कंपन्यांच्या राष्ट्रीय मंडळाने सॅन फ्रान्सिस्कोची पाहणी करून अहवाल दिला. लाकडी घरांची दाटी, उंचसखल रस्ते, अपुरी पाणीव्यवस्था पाहता हे शहर अजून जळले कसे नाही, याचेच अहवालकर्त्यांना आश्चर्य वाटले होते. अग्निशमन दलाचे प्रमुख डेनिस सलिव्हन हेही वर्षानुवर्षे सांगत होते की आगीसाठी पाण्याची स्वतंत्र, जादा व्यवस्था हवी आणि उपसागराचे खारे पाणी वापरता यायला हवे. त्या मागणीसाठी पैसा निघाला नाही. अहवालानंतर सहा महिन्यांनी उत्तर आले.

८/२३
१८ एप्रिल १९०६, पहाटे ५ वाजून १२ मिनिटे. सुमारे ७.९ तीव्रतेच्या भूकंपाने शहर हादरले. सलिव्हन स्वतः त्यात जबर जखमी झाले आणि चार दिवसांनी वारले. चुली, दिवे, गॅसवाहिन्या यांतून ठिकठिकाणी आगी लागल्या. जवानांनी नळाला पाइप जोडले आणि नळातून पाणी आले नाही. पुढे तीन दिवस शहर जळत राहिले. २८,००० च्या आसपास इमारती नष्ट झाल्या. चार लाख वस्तीच्या शहरात दोन लाखांहून अधिक माणसे बेघर झाली. आग रोखण्यासाठी इमारती सुरुंगाने उडवण्याचा प्रयत्न झाला. त्यातून अनेक ठिकाणी नव्याच आगी लागल्या.

९/२३
पाणी कुठे होते? शहराबाहेरील धरणांत. स्प्रिंग व्हॅली या खासगी कंपनीची धरणे भूकंपाच्या भेगेलगत असूनही तग धरून राहिली. जलसाठा शाबूत होता. तुटल्या त्या जलवाहिन्या: काही भेगेजवळ, काही शहरात भराव टाकून तयार केलेल्या भुसभुशीत जमिनीत.

विसाव्या आणि चर्च या रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा एक हायड्रंट मात्र चालू निघाला. त्याच्या पाण्यावर मिशन हा भाग वाचवता आला. आजही दरवर्षी १८ एप्रिलला पहाटे लोक तिथे जमतात आणि त्या नळाला सोनेरी रंग देतात. शहराने एका नळाचे स्मारक केले आहे. नेमका धडा तोच होता.

१०/२३
पण धडा शिकण्याआधी घटनेचे नाव बदलले गेले. विम्याचे करारपत्र आगीचे नुकसान भरून देत असे, भूकंपाचे नाही. शिवाय आगीने जळालेले शहर पुन्हा बांधता येते. ज्या शहराखालची जमीनच हलते, तिथे भांडवल कोण गुंतवणार? व्यापारी, जमीनमालक आणि रेल्वे कंपनी यांनी आग्रहाने 'महान आग' असाच उल्लेख रूढ करण्याचा प्रयत्न केला. भूकंप मागे सारला गेला.

चुकीच्या माहितीसाठी समाजमाध्यमे लागत नाहीत. ती पसरवण्यात ज्यांचा फायदा आहे असे लोक आणि ती मानण्यात ज्यांना दिलासा आहे असे लोक, एवढे पुरते.

११/२३
याची किंमत मृतांनाही मोजावी लागली. त्या काळातल्या अधिकृत मोजणीत शहरातील मृतांचा आकडा पाचशेच्या आतच राहिला. अनेक दशकांनंतर शहराच्या ग्रंथपाल व अभिलेखपाल ग्लॅडिस हॅन्सन यांनी पत्रे, दप्तरे आणि कुटुंबांच्या आठवणी तपासून एकेक नाव जोडायला घेतले. आज मृतांची संख्या ३,००० किंवा त्याहून अधिक मानली जाते. चिनी वस्तीतील आणि गरिबांच्या भाडेघरांतील माणसे पहिल्या यादीत क्वचितच आली होती. इतिहास शिकणाऱ्या प्रत्येकाने हे काम लक्षात ठेवावे: एका ग्रंथपालाने ऐंशी वर्षांनंतर मृतांना त्यांची नावे परत दिली.

१२/२३
आता त्या राखेवरचे राजकारण पाहा. शहराला १९०१ पासून योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातील हेच हेची ही दरी धरणासाठी हवी होती. केंद्र सरकारने आधी नकार दिला होता. १९०६ नंतर युक्तिवादाला नवे बळ आले: पाण्यावाचून जळालेल्या शहराला तुम्ही पाणी नाकारणार? निसर्गवादी जॉन म्यूर यांनी कडाडून विरोध केला, पण डिसेंबर १९१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी कायद्यावर सही केली. एक अजोड दरी पाण्याखाली गेली. ते पाणी शहरात पोहोचले १९३४ मध्ये.

वाढत्या शहराला पाण्याची गरज होती, हे खरे. पण १९०६ ची आग पाणी कमी असल्यामुळे अनावर झाली नव्हती. दूरच्या दरीतले पाणीसुद्धा तुटलेल्या नळातून आले नसते.

१३/२३
खरे उत्तर कमी गाजावाजात बांधले गेले. १९०८ मध्ये नागरिकांनी कर्जरोख्यांना मंजुरी दिली आणि १९१३ पर्यंत आगीसाठी स्वतंत्र उच्चदाब जलवाहिन्या, ट्विन पीक्स टेकडीवर जलाशय, खाऱ्या पाण्याची पंपगृहे आणि रस्त्यांखाली हौद तयार झाले. चौकांतली विटांची मोठी वर्तुळे आजही त्या हौदांची जागा दाखवतात. मृत सलिव्हन यांची मागणी मान्य झाली होती.

१९८९ च्या भूकंपात या व्यवस्थेतल्याही काही वाहिन्या फुटल्या. तेव्हा 'फिनिक्स' या अग्निशमन नौकेने उपसागराचे पाणी उपसून मरीना हा भाग वाचवला. एक वाट बंद झाली, तर दुसरी होती. जादा व्यवस्थेचा अर्थ हाच.

१४/२३
सॅन फ्रान्सिस्कोकडून आता दक्षिणेला, लॉस एंजेलिसकडे जाऊ. या शहराचे पाणी सुरुवातीला स्पॅनिश काळातल्या पाटांतून येई. १८७८ मध्ये त्या पाटांची गाळसफाई करणारा एक आयरिश तरुण नोकरीला लागला. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर तो पाटकरी होता. त्याचे नाव विल्यम मुलहॉलंड. पुढे तो शहराचा मुख्य जलअभियंता झाला. त्याचा वरिष्ठ आणि नंतरचा सहकारी फ्रेड ईटन, शहराचा माजी महापौर. फ्रेडचे वडील बेंजामिन ईटन यांनी डोंगरातल्या ज्या घळीचे पाणी मळ्यांना दिले, तिलाच ईटन कॅन्यन हे नाव पडले.

होय, तीच घळ. २०२५ चा वणवा पाण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या घराण्याच्या नावाने नोंदला गेला.

१५/२३
ईटन आणि मुलहॉलंड यांनी सिएरा पर्वतापलीकडच्या ओवेन्स खोऱ्याचे पाणी शहरात आणले. सुमारे ३७५ किलोमीटरचा जलमार्ग, सगळा उताराच्या बळावर, ५ नोव्हेंबर १९१३ रोजी खुला झाला. खोऱ्यातील जमिनी आणि पाणीहक्क शहराने अनेकदा खरा हेतू न सांगता खरेदी केले होते. १९२० च्या दशकात ओवेन्स सरोवर आटले. चिडलेल्या खोरेवासीयांनी नोव्हेंबर १९२४ मध्ये जलमार्गाचे दरवाजे ताब्यात घेतले आणि त्या दशकात तो अनेकदा सुरुंगाने उडवला. त्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या पाट काढून शेती-वनस्पती जोपासणाऱ्या पायूट लोकांना या व्यवहारात कुणी विचारले नाही.

१६/२३
या खऱ्या अन्यायावर एक दंतकथाही वाढली: १९०५ मध्ये दुष्काळ भासवण्यासाठी शहराने मुद्दाम पाणी गटारांत सोडले. १९७४ च्या 'चायनाटाउन' या चित्रपटाने ही प्रतिमा जगभर नेली, जरी त्याची गोष्ट १९३७ मध्ये घडते आणि काल्पनिक आहे. इतिहासकारांनी दप्तरे तपासली, तेव्हा या कटाला भक्कम पुरावा मिळाला नाही.

लोक मात्र आजही चित्रपटच इतिहास म्हणून सांगतात. त्यामागचे कारण समजून घ्यायला हवे: फसवणूक खरोखर झाली होती. एकदा फसवल्या गेलेल्या समाजाला प्रत्येक नळामागे हात दिसू लागतो.

१७/२३
१२ मार्च १९२८. मध्यरात्रीला काही मिनिटे उरली असताना मुलहॉलंडने बांधलेले सेंट फ्रान्सिस धरण फुटले. किमान ४३१ माणसे बुडाली. त्याच दिवशी सकाळी त्याने धरणाची पाहणी करून ते सुरक्षित ठरवले होते. लगेच कुजबुज सुरू झाली: ओवेन्सच्या लोकांनी सुरुंग लावला असणार. आधीच्या स्फोटांमुळे ही कहाणी पटण्याजोगी होती आणि शहरासाठी सोयीचीही. तपासात दोष पायाच्या ठिसूळ खडकाचा आणि एकाच माणसाच्या निर्णयावर सारे सोपवणाऱ्या पद्धतीचा निघाला. मुलहॉलंडने चौकशीसमोर जबाबदारी स्वतःवर घेतली. शत्रूकडे बोट दाखवण्याची सोय असताना त्याने ते केले नाही, एवढे श्रेय त्याला द्यावे लागते.

१८/२३
आता वणव्यांकडे परत येऊ. ६ नोव्हेंबर १९६१: लॉस एंजेलिसच्या बेल एअर या धनिक वस्तीत वणवा शिरला. ४८४ घरे जळाली. एकही मृत्यू झाला नाही. छपरे लाकडी फळ्यांची होती. जळती फळी वाऱ्यावर उडून दूरच्या छपरावर पडे. उंचावरील नळांचा दाब घसरला. अग्निशमन दलाने या आगीवर अनुबोधपट काढला. त्याचे नाव 'डिझाइन फॉर डिझास्टर', म्हणजे संकटाचा आराखडा. सुक्या झुडपांनी भरलेल्या घळींत लाकडी छपरांची घरे आणि अरुंद रस्ते यांची रचनाच आगीला आमंत्रण देते, असे त्यात सांगितले होते. सरकारी खात्यानेच हा इशारा दिला, तोही २०२५ च्या सहा दशके आधी.

१९/२३
२० ऑक्टोबर १९९१: ओकलंडच्या टेकड्या. आदल्या दिवशी विझवलेल्या आगीची धग वाऱ्याने पुन्हा भडकली. २५ मृत्यू, ३,००० हून अधिक घरे भस्मसात. विजेच्या तारा जळाल्याने पंप बंद पडले आणि उंचावरील टाक्या रिकाम्या झाल्या. आणखी एक तपशील मला कायम अस्वस्थ करतो. शेजारच्या शहरांतून मदतीला बंब धावून आले, पण ओकलंडच्या हायड्रंटचे तोंड तीन इंचांचे आणि बाहेरून आलेल्या पाइपांची जोडणी अडीच इंचांची. पाणी होते तिथेही पाइप बसेना. अर्ध्या इंचाचा हा फरक कुठल्याही निवडणुकीचा मुद्दा झाला नसता.

२०/२३
मग आज नवे काय आहे? हवामान. २०२२-२३ आणि २०२३-२४ चे हिवाळे दक्षिण कॅलिफोर्नियात भरपूर पावसाचे गेले, म्हणून झुडपे माजली. नंतर मे २०२४ पासून जानेवारीच्या आरंभापर्यंत लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती भागात जेमतेम चार मिलिमीटर पाऊस झाला. माजलेले सारे सरपण झाले. ओल आणि कोरड यांतले हे झोके तापत्या पृथ्वीवर तीव्र होत आहेत. हवामानशास्त्रज्ञांच्या 'वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन' या गटाने काढलेल्या अंदाजानुसार, १.३ अंश तापमानवाढीमुळे अशा आगीला पोषक हवामानाची शक्यता सुमारे ३५ टक्क्यांनी वाढली आहे.

वारे पूर्वीही होते. आता पहिला पाऊस लांबतो आणि ते वारे वाळलेल्या रानाला गाठतात. हायड्रंट मात्र जुन्याच हिशेबाचे आहेत.

२१/२३
आता तो मासा. डेल्टा स्मेल्ट: बोटाएवढा, उत्तरेकडील नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात राहणारा, १९९३ पासून संरक्षित. त्याच्यासाठी काही वेळा उत्तरेतील पंपांवर मर्यादा येतात आणि त्यावर शेतकरी, शहरे आणि पर्यावरणवादी यांच्यात अनेक वर्षांचा खरा वाद आहे. ८ जानेवारीला, आग धगधगत असताना, निर्वाचित राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी हा मासा आणि एका 'जल-पुनर्स्थापना घोषणापत्रा'वर सही न करणारे राज्यपाल यांना दोष दिला. असा दस्तऐवजच अस्तित्वात नाही, असे राज्यपालांच्या कार्यालयाने सांगितले.

त्या वेळी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या मुख्य जलसंस्थेकडे विक्रमी साठा होता: सुमारे १६५ टीएमसी. म्हणजे आपल्या कोयना धरणाच्या दीडपटीहून अधिक. पाणी होते, दाब नव्हता. १९०६ चीच गोष्ट.

२२/२३
अफवा शब्दांपुरती राहिली नाही. ३१ जानेवारीच्या सुमारास, म्हणजे वणवे पूर्ण आटोक्यात आले त्याच वेळी, केंद्र सरकारच्या आदेशानुसार लष्करी अभियंत्यांनी मध्य कॅलिफोर्नियातील कवीया आणि सक्सेस या दोन धरणांतून सुमारे २२० कोटी गॅलन पाणी सोडले. त्या खोऱ्यातून लॉस एंजेलिसकडे जाणारी वाट नाही. ते पाणी तिथल्या शेतकऱ्यांनी उन्हाळी सिंचनासाठी राखलेले होते. अचानक पूर येईल, असे स्थानिक अधिकाऱ्यांनी सांगितल्यावर विसर्ग कमी करण्यात आला.

एका गोष्टीवर विश्वास ठेवला गेला आणि भर हिवाळ्यात, पिकांना गरज नसताना, धरणाचे दरवाजे उघडले. खोट्या माहितीची किंमत घनफुटांत मोजता येण्याचे असे उदाहरण विरळा.

२३/२३
अफवेने न विचारू दिलेले प्रश्न मात्र असे मोजता येत नाहीत. सारे जण माशावर भांडत होते, तेव्हा पश्चिम अल्टाडेनात काय घडले? पूर्व भागाला घरे सोडण्याचा आदेश संध्याकाळीच मिळाला. लेक ॲव्हेन्यूच्या पश्चिमेला तो पहाटे तीननंतर पोहोचला, आणि ईटन वणव्यातील जवळजवळ सर्व मृत्यू त्याच बाजूला झाले. घरकर्जातील वर्णभेदामुळे इतरत्र घर नाकारल्या गेलेल्या अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांनी पिढ्यांपूर्वी याच पश्चिम भागात घरे घेतली होती. १९०६ च्या चिनी वस्तीची आठवण इथे यावी.

मावशीला मी हे सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे धरण भरलंय का, हे विचारून भागत नाही. आपल्या मजल्यापर्यंत पाणी चढतं का, हे विचारायला हवं. आणि रात्री दार कोण वाजवणार, हेसुद्धा."

माझ्या तेवीस भागांचे सार तिने तीन वाक्यांत सांगितले. काही चुकले असल्यास पुराव्यासह जरूर कळवा. दुरुस्ती याच धाग्याखाली करेन.